चालत गेलेलं गाव

फार फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी कोण राजे होते आणि त्यांची राज्यं कुठून कुठवर पसरली होती, ते आज कुणालाच सांगता येत नाही. पण लहानथोरांनो, माणसं तेव्हाही घर सोडून दूर जात होती, आणि दूर गेली की घराबद्दल बोलत होती. त्यांतल्याच एकाची ही गोष्ट.

एका मोठ्या नदीच्या काठावर काठगाव नावाचं गाव होतं. गावात तीन आळ्या, एक देऊळ, एक विहीर आणि नदीकडच्या तोंडाला एक दगडी वेस. होडीतून उतरलेला माणूस आधी वेशीखालून जायचा आणि मगच गावात शिरायचा.

या गावात सिदोजी नावाचा एक तरुण पाथरवट होता. बाप वारला तेव्हा बापाची छिन्नी आणि हातोडा त्याच्याकडे आला. पण एवढ्याशा गावात दगडाचं काम असून असून किती असणार? कुणाच्या जात्याला टाकी लावायची, कुणाच्या दारात पायरी बसवायची, झालं. सिदोजीच्या हातांना मोठं काम हवं होतं.

एके वर्षी बंदराकडे निघालेले व्यापारी गावात मुक्कामाला उतरले. समुद्रापलीकडे एक राजा नवं नगर बांधतोय, असं ते सांगत होते. तिथे जगभरचे पाथरवट जमले होते, तरी हात कमीच पडत होते. सिदोजी त्यांच्याबरोबर निघाला. त्याची थोरली बहीण भागू हिला गावातच, अगदी शेजारच्या घरात दिलेली होती. ती त्याला पोचवायला वेशीपर्यंत आली. परत कधी येशील, असं तिने विचारलं, तेव्हा दोन-चार पावसाळ्यांत येतो, असं तो म्हणाला. खोटं सांगावं असं त्याच्या मनात नव्हतं.

समुद्रापलीकडचा देश खरोखरच थोर होता. तिथले रस्ते दोरी धरून आखावेत तसे सरळ होते. डोंगरातलं पाणी दगडी पाटांतून दारोदार येत होतं. सिदोजीने तिथे खांब घडवले, मग कमानी बांधल्या, मग बुरूज उभारले. राजाच्या पाथरवटांचा तो मुख्य झाला. त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं. मुलं झाली, ती तिथल्या भाषेत हसली-रडली. त्या देशाने त्याला खूप दिलं आणि त्यानेही हात राखून काम केलं नाही.

दोन-चार पावसाळे कधीच उलटून गेले. सुरुवातीला तो खलाशांबरोबर निरोप धाडायचा. पुढे ओळखीचे खलाशी म्हातारे झाले, आणि निरोप थांबले.

पण गाव त्याच्या बोलण्यातून सुटलं नाही. संध्याकाळी काम संपलं, की तो मुलांना काठगाव सांगायचा. विहिरीच्या काठाचा एक दगड कसा फुटलेला होता, कुंभाराच्या घरापाशी आळी कशी वळायची, देवळाच्या कोणत्या पायरीवर दुपारी सावली पडायची. सांगून सांगून मुलांनाही गाव पाठ झालं. इतकी वर्षं झाली, पण त्याच्या सांगण्यातला एक दगडही हलला नव्हता. सिदोजीला त्याचा अभिमान वाटायचा. आणि खरं सांगायचं तर, गावाची थोडी कीवही यायची. आपण एवढं जग पाहिलं, आणि ते बिचारं तिथेच बसलंय, असं त्याला वाटायचं.

केस पांढरे झाले तेव्हा त्याने राजाकडे रजा मागितली. राजाने हसून विचारलं, की जे गाव तुला तोंडपाठ आहे, ते पाहायला एवढा समुद्र कशाला ओलांडतोस? सिदोजी म्हणाला, "महाराज, डोळ्यांनी एकदा पाहून घेतो."

जहाजांना परत आणणारे वारे सुटेपर्यंत राजाने त्याला रजा दिली. जहाजात बसताना सिदोजीने मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. भागूअक्का जिवंत असेल तर तिला आपल्याबरोबर आणायचं, म्हातारपणी तिला सुख दाखवायचं. गावाला एक चांगलं बांधकाम करून द्यायचं. सगळ्यांनी आपल्याला डोळे भरून पाहावं, असंही त्याला वाटत होतं, पण ते त्याने स्वतःशीही उघड म्हटलं नाही.

समुद्र संपला, बंदर मागे पडलं, आणि एका दुपारी होडीने त्याला नदीच्या काठावर सोडलं. होडी पुढे निघून गेली. सिदोजीने मान वर केली. समोर वेस उभी होती. तीच कमान, तेच दगड, आणि एका बाजूला बापाने बसवलेला तो रुंद चिरा. त्याचे पाय भराभर पडू लागले. वेशीखाली येऊन त्याने आत पाहिलं.

आत गाव नव्हतं. आत पाणी होतं.

नदी वेशीला वळसा घालून मागे शिरली होती. जिथे तीन आळ्या होत्या, तिथे संथ पाणी पसरलं होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं. ना देऊळ, ना विहीर, ना एखाद्या भिंतीचं टोक. एका गावाएवढं पाणी, आणि त्याच्या तोंडाशी उभी असलेली एक वेस.

सिदोजी मटकन खाली बसला. बुडालेल्या माणसांचे चेहरे त्याला आठवू लागले. मी बुरूज बांधत होतो तेव्हा हे झालं असेल, असं त्याच्या मनात आलं, की मुलांना विहिरीचा फुटका दगड सांगत होतो तेव्हा? तो किती वेळ बसला कोण जाणे. पुढची होडी आली की तिने परत जायचं, एवढंच त्याला सुचत होतं.

तेवढ्यात वरच्या झाडीतून एक बाई म्हशी घेऊन पाण्यावर आली. तिने या परक्या पोशाखाच्या माणसाला पाहिलं आणि लांबूनच हाक मारली. "इथं का बसलात? गाव वर आहे."

सिदोजीने विचारलं, "कोणतं गाव?"

"काठगाव," ती म्हणाली आणि काठीने डोंगराच्या माथ्याकडे दाखवून म्हशींच्या मागे गेली.

डोंगराच्या माथ्यावर काठगाव? बाईचा काहीतरी घोळ होतोय, असं सिदोजीला वाटलं. कुणी नवी वस्ती केली असेल आणि जुनं नाव उचललं असेल. तरी तो उठला. वाट उभी होती. बैलगाडी तर सोडाच, ओझ्याच्या गाढवानेही तिथे धापा टाकल्या असत्या. झाडांना धरत, थांबत, तो माथ्यावर पोचला.

वर विस्तीर्ण सपाटी होती, आणि सपाटीवर काठगाव उभं होतं.

मुलांनो, काठगावासारखं दुसरं गाव नव्हे. काठगावच. सिदोजीच्या पायांनी ते त्याच्याआधी ओळखलं. तो चालू लागला आणि आळी जिथे वळायला हवी तिथेच वळली. वळणावर कुंभाराचं घर होतं. विहीर नवी खणलेली होती, पण तिच्या काठाचा एक दगड फुटलेला होता, आणि त्या फुटीत लहानपणी तो बोट घालायचा तशी आजही एक लहानगी बोट घालून बसली होती. देवळाच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या होत्या. ती झीज या डोंगरावरची नव्हती. खालच्या गावातल्या, कधीच्या मरून गेलेल्या माणसांच्या पावलांनी ते दगड झिजले होते, आणि ते झिजलेपण जसंच्या तसं वर आलं होतं.

सिदोजीच्या अंगावर काटा आला. तो पाथरवट होता. दगडाचं वजन त्याला डोळ्यांनी कळायचं. राजाच्या नगरात असा एक चौथरा हलवायचा तर हत्ती लागत, चाकं लागत, मुकादम लागत, आणि मुकादमांच्या हातात चाबूक असत. एका बुरुजापायी किती माणसं जायबंदी झाली, ते त्याने पाहिलं होतं. आणि इथे एक अख्खं गाव त्या उभ्या वाटेने वर आलं होतं. कोणत्या राजाने आणलं? कोणत्या सैन्याने? तो भिंतींवरून हात फिरवत चालला. भिंती ओळंब्यात नव्हत्या. सांधे जाडे होते. दहा ठिकाणी त्याला चुका दिसल्या, आणि एकाही चुकीबद्दल त्याच्या तोंडून शब्द निघेना.

असा चालत तो आपल्या आळीत आला. अक्काच्या दारात एक म्हातारी सुपात धान्य पाखडत बसली होती. तिने वर पाहिलं. सूप थांबलं. मग तिने ते हळूच बाजूला ठेवलं.

"आलास?" ती म्हणाली. "हातपाय धू आधी."

ती अक्काच होती. तो अक्काच्या दाराकडे वळणार, तोच तिने पदराने डोळे टिपत शेजारच्या घराकडे खूण केली. सिदोजीने वळून पाहिलं आणि तो जागच्या जागी खिळला.

शेजारी त्याचं घर होतं. बापाचं घर. जोतं तेच, उंबरठा तोच, उंबरठ्यावर बापाने लग्नाच्या वर्षी कोरलेलं कमळ तेच. अंगण सारवलेलं होतं. आत ओसरीवर बाप ज्या सपाट दगडावर बसून छिन्नी चालवायचा, तो दगड त्याच कोपऱ्यात होता. घरात कुणी राहत नव्हतं. चूल पेटलेली नव्हती, पण चुलीशेजारी वाळलेली लाकडं रचून ठेवली होती.

मोठमोठ्या देवळांचे गाभारे घडवलेला तो माणूस. पण आपल्याच घरात शिरताना त्याने नकळत पायातली पायताणं काढली आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी गावचे पाटील त्याला पारावर घेऊन बसले. ते आता फार थकले होते. काय काय घडलं ते त्यांनी सावकाश सांगितलं. सिदोजी गेल्यावर काही वर्षांनी नदी काठ खाऊ लागली. दर पुराला एक-दोन अंगणं जायची. मग सगळं गाव बसलं आणि ठरलं, की गाव वर न्यायचं. वाट उभी, म्हणून गाडी चालेना. मग माणसंच उभी राहिली. खालच्या वेशीपासून माथ्यापर्यंत एक रांग झाली. खालच्याने दगड उचलायचा आणि वरच्याच्या हातात द्यायचा. जो दगड एकाला पेलत नसे, तो वाशांना बांधून आठ-दहा जण न्यायचे. पेरणी-कापणी सांभाळून उरलेल्या दिवसांत हेच चालायचं. कित्येक उन्हाळे लागले. रांगेत उभी राहिलेली काही माणसं गाव पुरतं वर आलेलं पाहायला राहिली नाहीत. त्यांच्या जागी त्यांची मुलं येऊन उभी राहिली.

या कामावर मुकादम कोण होता, असं सिदोजीने विचारलं. पाटलांना प्रश्नच कळला नाही.

"आणि माझं घर?" सिदोजी म्हणाला. "मी नव्हतो. माझा निरोपही नव्हता."

पाटील म्हणाले, "बोलणं निघालं होतं. गेलेल्यांची घरं राहू द्यावीत, तेवढेच कष्ट वाचतील, असं काही जण म्हणाले. पण आळी लावायला घेतली तेव्हा भागूच्या घराशेजारी नुसती मोकळी जागा दिसायला लागली. ती कुणालाच बघवेना. मग तुझंही उचललं."

  ज्या गावाची आपण कीव करत होतो, त्या गावाने आपलं घर हातांवरून डोंगर चढवून आणलं, हे सिदोजीच्या मनात मावत नव्हतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. काठगावापुढे एक अडचण होती, आणि ती कुणाला सोडवता येत नव्हती.

सगळं गाव वर आलं, पण वेस खालीच ठेवली होती. ती मुद्दाम ठेवली होती. गावातून गेलेला कुणी कधी परत आलाच, तर काठगाव कुठे होतं हे त्याला कळावं, म्हणून. हे म्हणणं कोंडाकाकूचं होतं. ती कुंभाराची बायको. तिचा एकुलता एक म्हादू सिदोजीच्या नंतर चार वर्षांनी कुठल्याशा फौजेबरोबर गेला होता, तो परतला नव्हता. वेस हलवायची गोष्ट निघाली, की ती म्हणायची, माझं पोर वेस शोधत येईल.

तिच्यासाठी गावाने वेस ठेवली. पण नदी थांबली नाही. ती वेशीचा पाया पोखरू लागली. म्हणून दर वर्षी पुराच्या तोंडावर तरुण पोरं खाली उतरायची आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पायाशी दगड रचायची. गेल्या वर्षी पाटलांचा नातू त्यात वाहून जाता जाता वाचला. त्याचा पाय कायमचा अधू झाला. यंदा कुणाच्या घरचं कोण जाणार, या विचाराने आया धास्तावल्या होत्या. तरी तुझा म्हादू आता येणार नाही, असं त्या म्हातारीला तोंडावर सांगायला कुणाची जीभ उचलत नव्हती. आणि ते न सांगता वेस हलवायची कशी?

सिदोजीला वेस पाहून यायला सांगितलं. तो खाली गेला, पाण्यात उतरला, हाताने पाया चाचपून आला. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं गाव पारापाशी जमलं. त्याने लपवाछपवी केली नाही. खालची माती निघून गेली आहे, असं त्याने सांगितलं. राजाच्या सगळ्या पाथरवटांना आणलं, तरी ती वेस येत्या पुरात उभी राहणार नाही, आणि पडेल तेव्हा खाली जो असेल तोही जाईल.

कोंडाकाकू पुढे बसली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "तू आलास ना, सिदू? इतक्या वर्षांनी आलास. वेस होती म्हणूनच आलास ना?"

सगळे सिदोजीकडे पाहू लागले. होय म्हणणं सोपं होतं, आणि त्या घटकेला दयेचंही वाटलं असतं. सिदोजी उठून तिच्यापाशी गेला आणि खाली बसला.

"काकू, मी वेशीपर्यंत आलो," तो म्हणाला. "पण वेशीतून नुसतं पाणी दिसलं, तेव्हा सगळी बुडाली असं समजून मी तिथेच बसलो. होडी आली असती तर परत गेलो असतो, आणि तुम्ही सगळी मेलात असं धरून उरलेलं आयुष्य काढलं असतं. वेशीने मला वर आणलं नाही. म्हशीवालीने हाक मारली, म्हणून मी आलो."

 जिने हाक मारली होती ती बाई गर्दीत होती. तिने मान खाली घातली.

मग कोंडाकाकूने विचारलं, "माझ्या पोराला हाक कोण मारील?"

त्या प्रश्नाने सगळं गाव हललं. इतकी वर्षं ते एक दगडी कमान सांभाळत होते, आणि तिच्यासाठी पोरांचे जीव पणाला लावत होते. कमानीला तोंड नसतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पाटील काठी टेकत उभे राहिले. आम्ही मारू, असं ते म्हणाले. त्याच बैठकीत ठरलं, की होडी लागायच्या वेळी रोज एका घरचं माणूस काठावर जाऊन उभं राहील, आणि जो कुणी उतरेल त्याला हाक मारून कुठे जायचं ते विचारील. मग सिदोजी बोलला. काठापासून माथ्यापर्यंत मी पायऱ्या घडवून देतो, म्हणजे आलेल्या माणसाला गाव कुठे गेलं ते जमिनीवरच दिसेल.

कोंडाकाकू उठली. वेस उचला, असं ती म्हणाली नाही. ती सरळ वेशीकडे उतरणीच्या वाटेला लागली, आणि त्यातच तिचा होकार सगळ्यांना कळला. तिला सावरायला दोघी-तिघी धावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिदोजीने वेशीला हात घातला. कमान सोडवायचं काम त्याचंच होतं. कोणता दगड आधी काढला म्हणजे बाकीचे कोसळणार नाहीत, ते त्याला ठाऊक होतं. त्याने खालून लाकडाचा टेकू दिला आणि माथ्यावरचा दगड अलगद सुटा केला. तो त्याने खाली उतरवला, तर कोंडाकाकू हात पुढे करून उभी. तिला तो पेलणार नव्हता. सगळ्यांनी तिच्या हातांखाली हात लावले. तिने तो दगड दोन पावलं नेला आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला दिला.

कमान उतरली, खांब सुटे झाले. आता उरलं ते नुसतं वाहणं. सिदोजीला वाटलं, आता आपण वर जाऊन देखरेख करावी. पण रांगेत अक्का आणि एक अनोळखी तरुण मुलगी यांच्यामध्ये एका माणसापुरती जागा मोकळी होती. कुणी त्याला बोलावलं नाही. ती जागा पाहून त्याचे पाय आपोआप वळले आणि तो तिथे जाऊन उभा राहिला.

आयुष्यभर त्याने दगड हाताळले होते. पण कुणाच्या हातातून दगड घेऊन दुसऱ्याच्या हातात द्यायचं काम त्याने कधी केलं नव्हतं. दगड यायचा तो आधीच्या हातांनी ऊन झालेला असायचा. अक्काचे सुरकुतलेले हात तो त्याच्या हातांवर ठेवायचे, आणि क्षणभर दगडाचं वजन दोघांचं असायचं. मग तो वळायचा, आणि वजन त्या मुलीचं आणि त्याचं व्हायचं. एकट्याचं ते कधी होतच नव्हतं. त्याने वर पाहिलं. रांग झाडीतून डोंगर चढत होती, आणि तिचं टोक दिसत नव्हतं. खाली पाहिलं, तर नदीपर्यंत माणसंच माणसं. गाव वर कसं आलं, हे त्याने पाटलांकडून ऐकलं होतं. आता ते त्याच्या हातांतून जात होतं. त्याला रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

वेस माथ्यावर उभी राहिली. मग सिदोजीने पायऱ्या घडवायला घेतल्या. गावातली पोरं-पोरी त्याच्याकडून छिन्नी धरायला शिकली. येताना ठरवलेलं काम त्याने केलं, पण येताना जसं वाटलं होतं तसं नाही.

एके दिवशी त्याने अक्काकडे विषय काढला, की तू माझ्याबरोबर चल. तिने हसून नाही म्हटलं. तो खजील होऊन म्हणाला, की मग मीच इथे राहतो, इतकी वर्षं तिकडे राहिलो ते चुकलंच. अक्काने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"चुकलं कसं?" ती म्हणाली. "तू तिकडे नांदतोस. बायको आहे, लेकरं आहेत. नांदणाऱ्याने नांदावं आणि येऊन-जाऊन असावं. एवढंच राहिलं होतं, ते आता झालं."

जायच्या आधी सिदोजीने एक गोष्ट केली. नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावातली काही कुटुंबं, पुरात सगळं गेल्यामुळे, काठगावाच्या कडेला झोपड्या बांधून राहिली होती. माझं घर त्यांतल्या एका कुटुंबाला दे, असं त्याने अक्काला सांगितलं. ती पहिल्यांदा तयार होईना. घर मोकळं राहिलं नाही तर तू येणार नाहीस, अशी तिला भीती होती. तो म्हणाला, की ज्या गावाने मी नसताना माझं घर उचललं, तिथे मला ओसरीवर जागा मिळणार नाही का? अक्का विचारात पडली. मग तिने स्वतःच चुलीशेजारची लाकडं पेटवून त्या कुटुंबाला आत घेतलं.

वारे फिरले आणि सिदोजी समुद्र ओलांडून परतला. राजाने विचारलं, की गाव जसं पाठ होतं तसंच सापडलं का? सिदोजी म्हणाला, "महाराज, मला जे पाठ होतं ते लहान होतं."

संध्याकाळी मुलं भोवती जमली आणि काठगाव ऐकायला बसली. सिदोजीने आळीच्या वळणापासून सुरुवात केली आणि मध्येच तो थांबला. "मी निघालो तेव्हा असं होतं," तो म्हणाला. "आता कसं असेल, ते मला ठाऊक नाही. चला, जाऊन विचारू."

पुढच्या खेपेला तो मुलांना घेऊन गेला. आणि त्यानंतरही, हातपाय चालत होते तोवर, काही वर्षांनी एकदा तो जातच राहिला. दर वेळी काहीतरी निराळं असायचं. एखादी नवी आळी, ओळखीच्या पारावर अनोळखी चेहरे, पोरांच्या बोलण्यात त्याला न कळणारे शब्द. पूर्वी त्याला त्याचं दुःख झालं असतं. आता तो थबकून बघत राहायचा, आणि प्रत्येक वेळी त्याच्या अंगावर तोच काटा यायचा.

कोंडाकाकू म्हादूची वाट बघतच गेली. म्हादू काही आला नाही. पण त्याच्यासाठी सुरू झालेली हाक गावाने थांबवली नाही, आणि ती ऐकून दूर गेलेली कितीतरी माणसं, आणि त्यांची तिकडेच जन्मलेली मुलंही, त्या पायऱ्या चढून वर आली.

म्हणून ध्यानात ठेवा: आपलं गाव आपल्या आठवणीत थांबून राहत नाही, ते आपली जागा राखून पुढे चालत असतं, तेव्हा परत जाणाऱ्याने तिथे आठवणी सांगत बसू नये, आधी वाट विचारावी.